मासळी सगळ्यांत शेवटी

कळमनुरीत ज्या घरात एक जरी माळकरी माणूस आहे, त्या घरात मासा सहसा स्वयंपाकघरात शिजत नाही. तो परसात शिजतो. परसातल्या चुलीवर, वेगळ्या गंजात, वेगळ्या पळीनं. ती भांडी एरवी न्हाणीच्या भिंतीवरच्या फळीवर पालथी पडलेली असतात आणि त्यांना घरातल्या भांड्यांत कुणी मिसळत नाही. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण नरसी नामदेव आमच्याच जिल्ह्यातलं, एकादशीला नरसीची वाट धरणारं कुणी ना कुणी इथं गल्लोगल्ली सापडतं. आमच्या घरी ते माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. त्यामुळं लेकीनं मागवलेला स्लो कुकर घरात आला तेव्हा तो किती मंद शिजवतो याचं मला फारसं कौतुक वाटलं नाही. त्याला शेगडी लागत नाही, गॅस लागत नाही, नुसता एक प्लग लागतो, आणि तसा प्लग आमच्या मागच्या पडवीत बोअरच्या मोटारीसाठी आधीच घेतलेला होता. वादाचं मूळच मिटलं.

लेक हैदराबादला नोकरीला आहे. तिथल्या एका हॉटेलात टेबलावर जाड कागद अंथरतात आणि उकडलेले खेकडे, कोळंबी, मक्याचे तुकडे, बटाटे असं सगळं भांड्यातून थेट त्यावर ओततात. ताट नाही, वाटी नाही, चमचा नाही. सगळ्यांनी चारी बाजूंनी हात घालायचा. त्याला सीफूड बॉइल म्हणतात, आणि दिवाळीला ती आली ती हे घरी करायचंच असं ठरवून. समुद्र इथून कुठल्याही दिशेला साडेचारशे किलोमीटरच्या अलीकडं नाही, ही अडचण तिच्या लेखी अडचणच नव्हती.

आणि खरं पाहिलं तर ती अडचण नाहीच. अमेरिकेत लुइझियाना राज्यात या पदार्थाचा जो प्रकार सगळ्यात गाजला, त्यातला मुख्य जीव म्हणजे क्रॉफिश, आणि तो गोड्या पाण्यातला. तिथल्या दलदलीत तो मिळतो, आणि भाताच्या खाचरांत पाणी सोडून तो मुद्दाम वाढवलाही जातो. ब्रो ब्रिज नावाच्या तिथल्या गावाला १९५९ साली राज्याच्या विधिमंडळानं 'जगाची क्रॉफिश राजधानी' असा किताबच देऊन टाकला. समुद्र न पाहिलेल्या जिवावर एवढा मान मिळत असेल तर ईसापूरच्या मासळीनं काय घोडं मारलंय? दक्षिण कॅरोलायनातल्या सेंट हेलेना बेटावर फ्रॉगमोर नावाची वस्ती आहे, तिच्या नावानं ओळखला जाणारा प्रकार मात्र अस्सल किनाऱ्यावरचा: कोळंबी, मका, सॉसेज. दोन्हीकडं रीत एकच. अंगणात दणदणीत आच, तिच्यावर माणूस बसेल एवढं भांडं, खळखळ उकळतं खारट पाणी, आणि मोजकी मिनिटं.

म्हणजे जे काम मोठ्या आचेचं आणि घाईचं, ते आम्ही पडवीतल्या अडीचशे वॅटच्या भांड्यात दिवसभर करायला निघालो होतो. एवढ्या कमी वॅटची तर साधी इस्त्रीही नसते. या एका विसंगतीनं पुढचा सगळा दिवस ठरवला.

आधी बाजार. ईसापूर धरण आमच्या तालुक्यातलंच, पैनगंगेवरचं. पलीकडची बाजू यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यात जाते. ९६४ दलघमी जिवंत साठ्याचं हे धरण आम्हाला एरवी आठवतं ते पावसाळ्यात टक्केवारीच्या बातमीपुरतं, नाहीतर कालव्याला पाणी कधी सुटणार या चर्चेपुरतं. पण त्या पाण्यावर भोई समाजाची कितीतरी घरं जगतात. रोहू, कतला, मृगळ हे बीज सोडून वाढवलेले. मरळ, वाम, शिंगाळा हे पाण्याचे स्वतःचे. आणि चिलापी, जिला कुणी बोलावलं नव्हतं पण जी आता सगळीकडं आहे. कयाधू आमच्या भागातून वाहत जाऊन पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, ती गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. समुद्राशी आमचं नातं आहे ते असं, पाण्याच्या चार-पाच पिढ्यांपलीकडचं.

मासळीवाल्या मावशींपुढं दोन पाट्या आणि एक प्लास्टिकचा टब होता. टबात मरळ, जिवंत. मरळीला पाण्याबाहेरची हवा घेता येते, डोक्यात तशी खास जागाच असते तिच्या, म्हणून बोटभर पाण्यातही ती संध्याकाळपर्यंत तग धरते आणि म्हणूनच ती जिवंत विकली जाते. मावशी म्हणाल्या, "बाई, रोहू कामून घ्यायलाव? उकडायची म्हणता तर मरळ न्या. रोहूच्या काट्यानं जीव जाईल लेकराचा."

त्यांचं बरोबर होतं. रोहू-कतल्याच्या मांसात बारीक दुहेरी टोकांचे काटे विखुरलेले असतात. रश्शात तुकडा अख्खा राहिला तर ते निवडता येतात. तासन् तास पाण्यात ठेवला तर मांस सुटून जातं आणि काटे पाण्यात पोहत राहतात. मरळीचं मांस घट्ट आणि काटा मधला एकच मोठा. मरळ घेतली. खेकडे घेतले, काळपट, दोरीनं नांग्या बांधलेले. आणि झिंगे. धरणातले झिंगे बोटाच्या पेराएवढे, ते उकडून सोलत बसणं म्हणजे शेंगेतनं तीळ काढण्यासारखं, म्हणून लेकीनं नांदेडहून येताना बर्फाच्या पेटीतनं मोठी कोळंबी आणलेलीच होती. गोड्या पाण्यातही हातभर मिशांची मोठी कोळंबी असते, पण तिच्या पिल्लांना सुरुवातीचे आठवडे मचूळ पाणी लागतं. खाडीशी वाट तुटली की तिची पैदास आपोआप होत नाही, बीज आणून सोडावं लागतं. बारीक झिंग्यांचं मात्र समुद्रावाचून काही अडत नाही. ते आम्ही पावशेर घेतले, खाण्यासाठी नव्हे, पाण्यासाठी. त्याचं पुढं येईल.

या स्लो कुकरचीही एक गोष्ट आहे. अर्विंग नॅक्सन नावाच्या अमेरिकन संशोधकाला १९४० साली याचं पेटंट मिळालं. त्याची आई लिथुआनियातल्या ज्यू कुटुंबातली. शनिवारच्या शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी घराघरांतली कडधान्य-मांसाची भांडी गावच्या भट्टीवाल्याकडं जायची आणि थंड होत जाणाऱ्या भट्टीत रातभर शिजायची, हे त्यानं आईकडून ऐकलेलं. त्या भट्टीची ऊब त्यानं विजेच्या तारेत बांधली. पुढं रायव्हल कंपनीनं ते १९७१ मध्ये 'क्रॉक-पॉट' म्हणून बाजारात आणलं आणि सकाळी नोकरीला निघणाऱ्या बायकांनी ते उचलून धरलं.

आत्यांना हे सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मंग वैल काय होता?"

वैल म्हणजे चुलीचं दुसरं तोंड. खाली लाकूड घालत नाहीत; मुख्य तोंडाची उरलेली आच आतून तिथं येते. भाकरी पुढं चालू असतात आणि वैलावर वरणाचं गाडगं, दूध, आंघोळीचं पाणी हळूहळू होत राहतं. आत्यांनी माळ घातली ती फार पुढं. त्यांचं माहेर पैनगंगेच्या काठचं, आणि माळ घालायच्या आधी त्यांनी मासळी भरपूर रांधलेली आहे. आता त्या हात लावत नाहीत, चव घेत नाहीत, पण पडवीच्या उंबऱ्यापाशी पाट टाकून बसतात आणि तिथून राज्य करतात.

त्यांनी पहिलाच सवाल असा केला की लेकीचा सगळा बेत फिरला. लेकीच्या हिशेबानं सगळं एकदम भांड्यात घालायचं, झाकण लावायचं, आणि सहा तासांनी उघडायचं. आत्या म्हणाल्या, "मासळी आत्ताच कामून टाकायलीस गं? वैलावर कधी मासळी ठिवतेत का? वैलावर पाणी ठिवायचं. मासळीचं काय, ती पडली की झाली."

मांसाचं आणि मासळीचं गणित उलटं आहे. बोकडाच्या मांसात चिवट धागे असतात, ते विरघळायला वेळ लागतो. म्हणून मंद आच त्याला मानवते. माशात असे धागे थोडे, आणि जे असतात ते थोड्या उष्णतेतच सुटतात; पाण्यात तोलून राहणाऱ्या जिवाला चार पायांच्या जनावराएवढी बांधणी लागतच नाही. कोळंबी साठ-पासष्ट अंशांना शिजून तयार होते. त्यापुढचं प्रत्येक मिनिट तिच्यातलं पाणी पिळून काढतं आणि शेवटी रबर उरतं. उलट बटाटा आणि मका. त्यांच्या पेशी ज्या चिकट पदार्थानं जोडलेल्या असतात तो पंच्याऐंशी अंशांच्या खाली जवळजवळ हलतच नाही. म्हणजे स्लो कुकरमध्ये कोळंबी लवकर होते आणि बटाटा उशिरा, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी तसंच आहे.

म्हणून तास पाण्याला द्यायचे. बटाट्याला, शेंगांना, मक्याला द्यायचे. मासळीला मिनिटं.

शेंगा ही आमची भर. ओल्या भुईमुगाच्या शेंगा, टरफलासकट. दिवाळीच्या सुमारास शेतातनं उपटलेल्या ताज्या शेंगा आम्ही नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडून खातोच. अमेरिकेच्या दक्षिण भागातही रस्त्याच्या कडेला अशाच उकडलेल्या शेंगा विकतात, हे लेकीनं फोनवर दाखवलं तेव्हा ह्यांना फारच आनंद झाला. सॉसेजच्या जागी शेंगा, असा ठराव झाला.

सकाळी साडेअकराला परसातली चूल पेटवली. स्लो कुकर असताना चूल कशाला? दोन कारणं. एक तर गार पाण्यानं हे भांडं भरलं तर ते तापायलाच दोन-तीन तास घेतं, आणि तेवढा वेळ कोमट पाण्यात नाशवंत माल ठेवणं बरं नाही. पाच ते साठ अंशांच्या मधलं पाणी जंतूंना फार आवडतं. म्हणून पाणी आधी चुलीवर उकळून मग ओतायचं. दुसरं कारण खेकडे. गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुफ्फुसाला धरणारा एक कृमी असू शकतो. कच्चा, अर्धवट शिजलेला खेकडा पोटात गेला की तो माणसात शिरतो, आणि मग खोकल्यातून रक्त पडायला लागतं. कित्येकदा अशा माणसावर क्षयाचे उपचार चालू होतात. शिवाय खेकड्याच्या पोटातले पाचकरस कोमट उष्णतेत जोर धरतात आणि त्याचंच मांस आतून पिठाळ करून टाकतात. हळूहळू तापवलेला खेकडा म्हणूनच पचपचीत लागतो. त्याला खळखळत्या पाण्यातच टाकायचा. आम्ही दहा मिनिटं उकळला, काढला, गार केला, पाठीचं कवच उचकटलं, कडेचे मऊ कल्ले काढून फेकले, आणि धड दोन तुकडे करून बर्फावर ठेवून दिलं.

बारीक पाय मात्र फेकायचे नसतात. ते मिक्सरला लावून, थोडं पाणी घालून, फडक्यातनं गाळले. हा रस घरोघर खेकड्याच्या रश्शात जातो. इथं तो भांड्यात गेला. पावशेर झिंगे अख्खे, आणि कोळंबीची डोकी व सालं, हेही एका मलमलच्या फडक्यात बांधून भांड्यात. पाण्यासाठी म्हटलं ते हे.

दुसरी पुरचुंडी मसाल्याची. लुइझियानात तयार मिळणाऱ्या मसाल्याच्या पिशवीत काय असतं ते बघितलं तर मोहरी, धने, तमालपत्र, लाल मिरची, बाळंतशेपा. आमच्या डब्यातलंच सगळं. बाल्टिमोरचा ओल्ड बे नावाचा दुसरा प्रसिद्ध मसाला गुस्ताव ब्रून या माणसानं १९३९ च्या सुमारास काढला. जर्मनीतून नाझींपासून जीव वाचवून आलेला मसाल्याचा व्यापारी होता तो. त्यात सेलरीचं बी आणि मीठ मुख्य. सेलरीच्या जागी आम्ही ओवा घातला, कुळी एकच आहे. वर लवंगा, मिरे. पुरचुंडी दोऱ्यानं भांड्याच्या कानाला बांधली म्हणजे काढताना शोधावी लागत नाही. हळद सुटी घातली, आणि ती जरा सढळ हातानं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून जिल्ह्यातला प्रत्येक माणूस हळद घालताना थोडा फुशारतो, त्याला मी अपवाद नाही.

बारा वाजता भांड्यात तळाला बटाटे पडले, लहान, अख्खे, सालीसकट. तापणारी तार बुडाशी आणि कडेनं असते, म्हणून ज्याला सर्वांत जास्त उष्णता हवी ते तळाशी आणि काठाशी लागून बसवायचं. वर शेंगा. त्या तरंगतात, म्हणून त्यांच्यावर एक ताटली पालथी घातली. मग अख्खे कांदे चिरा देऊन, लसणाच्या अख्ख्या गड्ड्या, आलं ठेचून, दोन्ही पुरचुंड्या, खेकड्याचा रस, खडेमीठ, आणि चुलीवरचं उकळतं पाणी. चिंच नाही, लिंबू नाही. आंबट पाण्यात बटाटा लवकर मऊ होत नाही. वरण शिजायच्या आधी आमसूल घातलं तर डाळ अडून बसते हे आपल्याकडच्या प्रत्येक बाईला माहीत आहे, बटाट्याचंही तेच.

मिठाबद्दल एक गोष्ट. अंगणातल्या मोठ्या भांड्यात पाणी समुद्रासारखं खारट करतात, कारण माल त्यात थोडाच वेळ राहतो. आमच्या शेंगा पाच-सहा तास त्यात राहणार होत्या. शिवाय झाकणाखालची वाफ परत आतच पडते, पाणी आटत नाही, चव दाट होत नाही. मीठ त्या मानानं निम्म्याहून कमी.

मग खटका 'हाय'वर. 'लो' आणि 'हाय' यांत शेवटी जिथं पोचायचं ते जवळजवळ एकच, उकळीच्या जरा अलीकडं. फरक फक्त किती वेळात पोचायचं याचा. हे बहुतेकांना माहीत नसतं. दुपारी एकच्या सुमारास काचेच्या झाकणावर आतून थेंब धरले, थेंब काठाला ओघळले, आणि त्या पाण्यानंच झाकण काठाला चिकटून बसलं. वास पडवीच्या बाहेर फारसा गेला नाही, ही आत्यांनी मान्य केलेली या भांड्याची पहिली गोष्ट. पाणी उकळत नव्हतं. काठाकाठानं नुसती चुळबुळ. चुलीवरच्या रश्शाकडं बघत वाढलेल्या माणसाला यात काही चाललंय असं वाटतच नाही, आणि हात झाकणाकडं जातो.

"सारखं सारखं झाकण कामून काढायलीस?" उंबऱ्यावरून आवाज. लेकीचं पुस्तकी ज्ञानही तेच सांगत होतं: एकदा झाकण उचललं की गेलेली उष्णता परत भरून काढायला या अडीचशे वॅटला वीस मिनिटं तरी लागतात.

दोनच्या पुढं वीज गेली. ती जाणार हे धरूनच चालावं लागतं, हा काही गावाबाहेरच्या पाहुण्यानं लिहिलेला लेख नाही. इन्व्हर्टरवर असलं तापवणारं यंत्र लावायचं नाही, बॅटरी बसते. पण जाड चिनीमातीचं भांडं ऊब फार धरतं. प्लग काढून ह्यांनी त्याच्याभोवती जुनी गोधडी गुंडाळली, झाकणावर पाट ठेवला. लेकीनं तापमापीची काडी घालून बघितली तेव्हा आत अठ्ठ्याऐंशी अंश होते. वीज तासाभरानं आली तेव्हा ऐंशीच्या थोडं खाली. साठाच्या खाली गेलं असतं तर चुलीवर ओतून उकळी द्यायची, एवढं ठरलेलं होतं.

वीज आल्यावर मका. प्रत्येक कणसाचे तीन तुकडे. साडेचारला एक शेंग काढून फोडली. दाणा दातांखाली मेणासारखा दबला, पण आतला गाभा अजून कच्चट. साडेपाचला झाल्या. भुईमुगाची शेंग अशी शिजते तेव्हा टरफलाच्या आत पाणी भरतं, आणि ती दातांनी फोडली की आधी मसाल्याचं खारट पाणी तोंडात येतं, मग दाणा. सगळ्या भांड्याची चव एका शेंगेत. मला विचाराल तर स्लो कुकरनं या दिवशी जे काही खरोखर चांगलं केलं ते एवढंच: शेंगा, आणि ते पाणी. बटाटे चांगले झाले, पण बटाटे कुठंही चांगले होतात.

पुरचुंड्या पिळून काढल्या. झिंग्यांचं फडकं सोडून बघितलं तर आत पांढरट चोथा, त्यातली चव पाण्यात केव्हाच गेलेली. आता चिंचेचा कोळ. खेकड्याचे तुकडे. पाण्यानं पुन्हा कड धरल्यावर मरळीचे जाड तुकडे, आणि आणखी दहा मिनिटांनी कोळंबी, तीही दोन हप्त्यांत, कारण गार कोळंबी एकदम टाकली तर पाणी दहा-पंधरा अंशांनी पडतं.

कोळंबी ही शिजताना स्वतः सांगते. करडी-निळसर असते ती पाण्यात पडताच लाल होते. तो लाल रंग तिच्यात आधीपासूनच असतो. एका प्रथिनानं तो घट्ट धरून ठेवलेला असतो, उष्णतेनं त्या प्रथिनाची पकड सुटली की रंग उघडा पडतो. पण रंगावर थांबायचं नाही, रंग लवकर येतो. आकार बघायचा. चंद्रकोरीएवढी वाकली की झाली. दोन्ही टोकं टेकून कडं झालं की गेली. या वेळी झाकण उघडंच ठेवलं, आणि आम्ही सगळे भांड्यावर वाकून उभे. आत्यासुद्धा पाटावरून उठून दोन पावलं पुढं आल्या, आणि लांबूनच म्हणाल्या, "काढा आता. बास झालं."

कागद नको होता. वर्तमानपत्राची शाई अन्नाला लागू देऊ नये हे अन्नसुरक्षेवालेही सांगतात. पळसाच्या पत्रावळी एकावर एक चढवून पडवीत अंथरल्या आणि झाऱ्यानं उपसून सगळं त्यावर रचलं. हुरड्याच्या आगटीभोवती बसतात तसं गोल बसलो. हे मला या पदार्थातलं सगळ्यात आपलं वाटलं. रायगडकडं पोपटी लावतात, मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, कोंबडी भरून भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजतात, तीही अशीच ओततात आणि अशीच खातात. ताटातल्या जागांचे नियम पाळणाऱ्या आपल्या लोकांनी ते मोडायचे प्रसंगही नेमून ठेवलेले आहेत.

हॉटेलात याच्यासोबत वितळलेलं लोणी देतात. इथं ते जमलं नाही. मासळीला दूध-लोणी लागू द्यायचं नाही, विरुद्ध अन्न, यावर आत्या ठाम. कुणी खाल्लं तर कोड उठतं, इथपर्यंत. त्या कोडाच्या गोष्टीला मी मानत नाही, पण लोण्याच्या जागी जे आलं ते लोण्यापेक्षा सरस होतं: घाण्याचं करडईचं तेल गरम करून त्यात ठेचलेला लसूण आणि काळं तिखट. परभणी-हिंगोलीकडच्या जुन्या माणसांची जीभ करडईच्या तेलावर पोसलेली आहे; मधल्या काळात सोयाबीननं करडईचा पेरा मागं सारला तरी चव सुटलेली नाही. मरळीच्या फिक्या, गोडसर मांसाला ते तेल लागलं आणि लेकीनं हैदराबादचं नाव घेणं बंद केलं.

आत्यांसाठी मूठभर शेंगा आत गॅसवर, घरच्या पातेल्यात, वेगळ्या उकडल्या होत्या. त्यांनी त्या खाल्ल्या, आणि आमच्या शेंगांचा रंग का असा म्हणून विचारलं.

गरम भांड्यात गार पाणी ओतायचं नाही, चिनीमाती तडकते. ते गार होऊ दिलं. उरलेलं पाणी गाळून त्याच रात्री फ्रीजमध्ये ठेवलं, वेगळ्या डब्यात, खालच्या कप्प्यात. सकाळी परसातल्या चुलीवर त्याला उकळी आणली, येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, कालवून लावला, वर कोथिंबीर. येसरानं ते दाटलं आणि काल ज्याला आम्ही नुसतं पाणी म्हणत होतो त्याचं चांगलं कोरड्यास झालं. ज्वारीच्या भाकरी कुस्करून सगळ्यांनी जेवण केलं. टरफलं आणि कवचं कढीपत्त्याच्या बुडाशी पुरली, मांजरानं ती पुन्हा उकरली. विजेचा हिशेब लेकीनं काढला, दीड युनिटच्या आसपास. चुलीत गेलेल्या तुरकाड्यांचा कुणी काढला नाही.

हे म्हणाले, पुढच्या खेपेला कोळंबी अर्ध्यावर आणा, शेंगा दुप्पट घाला.